तिसऱ्या पानावरून उठून जाणारा

इस्पितळाच्या संगणक विभागात तिला सगळे बिल्लेबाई म्हणत. तोंडावर नाही, जिन्यात, चहाच्या यंत्रापाशी आणि एकदा चुकून बैठकीच्या निमंत्रणावरही. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला वावगं काही वाटत नसे. माणसाला त्याच्या कामावरून नाव पडलं तर बिघडलं कुठे, असं तिचं मत होतं.

बिल्ल्याची गोष्ट अशी. इस्पितळाच्या वेबसाइटमागे जो सर्व्हर बसलेला असतो तो कमालीचा विसरभोळा. तुम्ही एक पान मागता, तो देतो, आणि तुमची पाठ वळायच्या आत तुम्हाला विसरतो. दुसरं पान मागायला गेलात की पुन्हा आपला ‘आपण कोण?’ असा चेहरा. असल्या इसमाकडून रुग्णांची नोंदणी करून घ्यायची म्हणजे कठीणच. म्हणून पहिल्या भेटीतच तो तुमच्या हाती एक बिल्ला ठेवतो. त्यावर कोणाला अंदाजाने सांगता येणार नाही असा लांबलचक क्रमांक असतो. तुमचा ब्राउझर तो बिल्ला कुकी नावाच्या खिशात जपून ठेवतो आणि दर खेपेला न मागता दाखवतो. सर्व्हरच्या मागे फळीवर त्याच क्रमांकाचा एक कप्पा असतो. तुम्ही कोण, कुठवर आलात, काय भरलंत, सगळं त्या कप्प्यात. बिल्ला दिसला की तो कप्पा उघडतो आणि जन्माची ओळख असल्यासारखा वागायला लागतो.

विभागात नवीन माणूस आला की ती त्याला हे याच शब्दांत समजावून सांगे. शेवटी विचारे, बिल्ला हरवला तर? नवीन माणूस म्हणे, दुसरा घ्यायचा. आणि पहिला बिल्ला कोणाला सापडला तर? यावर नवीन माणूस गप्प होई. मग ती समाधानाने पाणी पिई आणि त्याला त्याचं टेबल दाखवायला नेई.

ती इथे आली तीच मुळी एका भानगडीमुळे. प्रतीक्षालयात रुग्णांसाठी एक संगणक ठेवलेला असे. एक बाई त्यावर आपला तपासणीचा अहवाल वाचत होती, तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं आणि ती उठून गेली. तिच्या खुर्चीवर येऊन बसली ती तिचीच शेजारीण. शेजारणीला काही करावंच लागलं नाही, कारण संगणक अजून पहिल्या बाईचाच बिल्ला दाखवत होता. संध्याकाळपर्यंत तो अहवाल गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ झाला. इस्पितळाने लेखी माफी मागितली, पण त्या बाईला घर बदलावं लागलं ते लागलंच.

त्यानंतर बिल्लेबाईंनी नियम घातले. माणसाने आपली ओळख पटवली की जुना बिल्ला फाडायचा आणि नवा द्यायचा. बिल्ला कुलूपबंद वाटेनेच पाठवायचा, आणि पानावरच्या कोणत्याही उपऱ्या प्रोग्रॅमला त्याला हात लावता येता कामा नये. कोण आलं, कोण गेलं याच्या नोंदीत नाव नाही. कुठून आलं तो पत्ताही अर्धा झाकलेला. आणि सगळ्यात वरचा नियम पंधरा मिनिटांचा. पंधरा मिनिटांत माणसाने सर्व्हरकडे काही मागितलं नाही, काही पाठवलं नाही, की तो उठून गेला असं धरायचं. कप्पा रिकामा, बिल्ला रद्द. मग पडद्यावर जे वाक्य येई तेही तिनेच लिहिलेलं: ‘आपण बराच वेळ अनुपस्थित असल्याने आपले सत्र समाप्त करण्यात आले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.’ त्यातल्या ‘कृपया’साठी ती बैठकीत भांडली होती.

घरीही कायदा तोच. खोलीतून माणूस बाहेर पडला की दिवा बंद. वर्तमानपत्र खाली ठेवलं की त्याची घडी होऊन ते रद्दीत. चहाचा कप ठेवून कोणी खिडकीकडे वळलं, की परत वळेपर्यंत कप धुऊन पालथा. तिच्या नवऱ्याने संसाराच्या सुरुवातीलाच चहा उभ्याने संपवायची सवय लावून घेतली आणि तो सुखी झाला.

सासऱ्यांना मात्र ते जमलं नाही. त्यांची सगळी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती. एक अक्षर काढायचं, दोन पावलं मागे सरायचं, मान तिरपी करून बघायचं, मग पुढचं अक्षर. जेवणं, बोलणं, जिना उतरणं, सगळं त्याच चालीने. चहाचा घोट घेऊन ते बाहेर बघत बसत आणि पुन्हा टेबलाकडे वळत तेव्हा कप नसे. कपाच्या जागेकडे ते थोडा वेळ पाहत, आणि मग पाहणं सोडून देत. आमच्या बाबांना अर्धाच कप लागतो, असं ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगे.

तर अशा या बाईंच्या नजरेत त्या सुमारास एक माणूस भरला. नोंदींत नाव नसल्यामुळे तो कोण ते कळायला मार्ग नव्हता. पण रोज दुपारी जेवणानंतर कोणीतरी एका जुनाट ब्राउझरवरून येई, नेत्रविभागाचा अर्ज उघडी, पहिलं पान भरी, दुसरं भरी आणि तिसऱ्या पानावर उठून जाई. पंधरा मिनिटं झाली की सर्व्हर त्याचा कप्पा झाडून टाकी. थोड्या वेळाने स्वारी पुन्हा हजर, नवा बिल्ला, पहिल्या पानापासून सुरुवात, आणि तिसऱ्यावर पुन्हा पसार. तिने त्याचं नाव पळपुटा ठेवलं.

मदतकक्षात फोन घेणारे गृहस्थ होते. त्यांनी बैठकीत दोनदा सांगून पाहिलं की तिसऱ्या पानाबद्दल म्हाताऱ्या माणसांचे फार फोन येतात, वेळ जरा वाढवावी. नेत्रविभागातून तक्रार आली की तपासणीच्या वेळा रिकाम्या जातात. बिल्लेबाई म्हणाल्या, लोकांना हाती घेतलेलं तडीस न्यायची सवयच राहिलेली नाही, त्याला सर्व्हर काय करणार? विभागप्रमुखांनी तोंड उघडलं तेव्हा तिने फक्त ‘शेजारीण’ एवढाच शब्द उच्चारला. त्यांनी तोंड मिटलं आणि पुढचा विषय घेतला.

आता ताणून धरण्यात अर्थ नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा हा पळपुटा तिच्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहत होता. सासऱ्यांना डाव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. आधी दाराची चौकट खांद्याला लागली. मग डावीकडून येणाऱ्या सायकली अचानक समोर उभ्या राहायला लागल्या. शेवटी एका किल्ल्या बनवणाऱ्याची पाटी त्यांनी रंगवली, तिची डावी बाजू कोरीच राहिली आणि सगळी अक्षरं उजवीकडे दाटीवाटीने बसली. किल्लीवाल्याला वाटलं, आता अशीच पद्धत असेल. त्याने ती आनंदाने टांगली. सासरे पाटीसमोर उभे राहून मान हलवत पार उजवीकडून डावीकडे बघत गेले तेव्हा त्यांना ती कोरी जागा सापडली. त्या दिवशी ते घाबरले.

घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर मुलाने दुसऱ्या दिवसापासून त्यांना एकट्याने रस्ता ओलांडू दिला नसता, आणि सुनेने रंगांचे डबे माळ्यावर टाकले असते. इस्पितळात फोन केला, तर नेत्रविभागाच्या पहिल्या भेटीसाठी अर्ज वेबसाइटवरच भरावा लागतो असं उत्तर मिळालं. तेव्हा घरातली मंडळी कामाला गेली की ते मुलाच्या जुन्या संगणकापुढे बसत. मोबाइलवर आलेला परवलीचा आकडा भिंग लावून वाचत, घाईघाईने आत शिरत, पहिली दोन पानं नाव, वय, पत्ता अशी सरळ असल्याने पार करत. तिसऱ्या पानावर एकच प्रश्न होता: ‘आपला त्रास आपल्या शब्दांत लिहा.’ आता शब्द म्हटल्यावर पाटीवाला माणूस घाई कशी करणार? एका बोटाने अक्षर दाबायचं, मागे टेकायचं, मान तिरपी करून बघायचं. मजकूर मनासारखा झाला की ‘पुढे’ दाबायचं, आणि मग ते ‘अनुपस्थित’चं वाक्य यायचं. मजकूर आधी कागदावर लिहूनही पाहिला, पण कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून कागदावर नजर नेताना ओळच हरवायची.

एका रात्री जेवताना सुनेने नवऱ्याला पळपुट्याची हकीकत सांगितली. रोज येतो, तिसऱ्या पानापर्यंत जातो आणि उठून जातो. एवढ्या चार ओळी लिहायला माणसाला काय लागतं? नवरा हसला. सासरे जेवायचे थांबले होते.

“तो उठून गेला, हे कसं कळतं?” त्यांनी विचारलं.

“काही करतच नाही ना, बाबा. हलत नाही, बोलत नाही.”

“बसून विचार करत असेल.”

“सर्व्हरला विचार दिसत नाही,” ती म्हणाली. सगळे हसले, सासरेही थोडे हसले, आणि मग त्यांनी पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी पळपुटा नेहमीपेक्षा लवकर आला आणि दोनदा जास्त प्रयत्न करून गेला. तिने ते विभागात सगळ्यांना दाखवलं.

पुढल्याच आठवड्यात इस्पितळाच्या जिन्यावर तिचा पाय मुरगळला आणि घरून काम करायची पाळी आली. दुपारी जेवण झालं, सासरे ‘जरा पडतो’ म्हणून पलीकडे गेले. पाय उशीवर ठेवून ती लॅपटॉपवर नोंदी बघत बसली. ठरल्या वेळी पळपुटा आला. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. मग नेहमीसारखी शांतता. तिने तुच्छतेने नाक मुरडलं.

भिंतीपलीकडून आवाज येत होता. टक्. बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. पाल असावी असं तिला आधी वाटलं, पण पाल इतकी विचारपूर्वक आवाज करत नाही. इकडे पडद्यावर सर्व्हर सांगत होता की समोर कोणी नाही. तिकडे टक् चालूच होतं. मग खुर्ची करकरली, कोणीतरी मागे टेकलं, आणि पुन्हा टक्. तिचं लक्ष पंधरा मिनिटांच्या घड्याळावर गेलं. ते संपत आलं होतं. तिला एकदम ओरडून ‘काहीतरी दाबा’ असं सांगावंसं वाटलं, पण कोणाला सांगायचं हे कबूल करायला तिचं मन तयार नव्हतं. वेळ संपली. सर्व्हरने कप्पा झाडला. टक् टक् पुढे कितीतरी वेळ चालू राहिलं.

मग नोंदींत एक ओळ उमटली: रद्द झालेला बिल्ला घेऊन कोणीतरी पुढचं पान मागत आहे. त्याच क्षणी भिंतीपलीकडे एक लांब श्वास ऐकू आला.

ती लंगडत लंगडत पलीकडे गेली. पडद्यावर तिचं वाक्य होतं, ‘कृपया’सकट. सासऱ्यांनी वळून पाहिलं. ती डावीकडच्या दाराने आल्यामुळे त्यांना पूर्ण वळावं लागलं. एरवी बैठकांत बोलणाऱ्या या बाईला लाजेने रडू येत होतं.

“मी कुठं उठून गेलो नव्हतो गं,” ते म्हणाले. “इथंच बसलोय.”

मग डोळ्यांचं सगळं बाहेर आलं, चौकटीपासून किल्लीवाल्याच्या पाटीपर्यंत. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, तुम्ही सांगा, मी भराभर लिहिते. ते नको म्हणाले. तुझे शब्द आले की त्यात ‘अनुपस्थित’ येईल, आणि मला तर डॉक्टरला मी आहे असं कळवायचंय. आपल्या ओळखीने एका फोनवर नेत्रविभागात त्यांची वेळ ठरवता आली असती, हे तिच्या मनात येऊन गेलं. ओठांवर आणायची मात्र तिला शरम वाटली.

तेव्हा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तिने त्याच ब्राउझरमध्ये शेजारी इस्पितळाचं दुसरं एक पान उघडून ठेवलं. खिसा एकच, बिल्ला एकच, कप्पाही तोच. ते पान ताजं केलं की सर्व्हरला वाटतं माणूस जागेवर आहे. ते दोन शब्द लिहून मागे टेकत, आणि मधूनच ती ‘थांबा हं’ म्हणून माउस घेई, शेजारच्या पानावर जाई, ते ताजं करून परत येई.

“आता काय केलंस?” त्यांनी एकदा विचारलं.

“तुम्ही बसला आहात, एवढं सांगून आले.”

आपणच बांधलेल्या भिंतीला आपणच भोक पाडतोय, हे तिला समजत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर आता शेजारीण नव्हती. आजवर तिने झाडलेले तिसऱ्या पानावरचे सगळे कप्पे होते, आणि त्या प्रत्येकासमोर अशीच एक खुर्ची असणार हे तिला पहिल्यांदाच सुचत होतं.

मजकूर हळूहळू वाढत गेला. ‘डावीकडून येणारी माणसं आधी नसतात, मग एकदम असतात.’ ‘पाटीची डावी कड हाताने चाचपून शोधावी लागते.’ ‘घरी सांगितलेलं नाही, निरोप माझ्याच मोबाइलवर द्यावा.’ हे वाक्य पुसू का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, राहू द्या. मग त्यांनी बराच वेळ मागे टेकून विचार केला. तिने पान ताजं केलं. त्यांनी शेवटचं वाक्य लिहायला घेतलं आणि अक्षर अक्षर उमटत गेलं:

‘अलीकडे विसरही पडतो. चहा प्यायल्याचं आठवत नाही, कप मात्र संपून गेलेला असतो.’

तिने ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. चहाच्या टेबलाशी सासरे खिडकीच्या बाजूला बसत, आणि ती नेहमी स्वयंपाकघरातून, त्यांच्या डावीकडून येई.

“बाबा,” ती म्हणाली, “तो कप मी उचलते.”

“कधी?”

“रोज. तुम्ही खिडकीकडे वळलात की. मला वाटतं तुमचं झालं.”

किती महिने ते आपली बुद्धी जात चालली आहे असं समजून एकटेच भीत होते, ते त्यांनी सांगितलं नाही. तिला ते न सांगता कळलं. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि ते वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर पुसायला सुरुवात केली. पुसायलाही त्यांना लिहिण्याइतकाच वेळ लागत होता. ती शेजारचं पान ताजं करत राहिली.

भेटीची वेळ लगेच मिळाली. वेळा रिकाम्याच होत्या. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. उरलेली नजर औषधाने राखता येईल, गेलेली परत येत नाही. थोडं आधी आला असतात तर थोडी जास्त राखता आली असती, असं त्या सहज, अर्जाकडे बघत म्हणाल्या. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. ‘माझ्याच हातून उशीर झाला, मी जरा सावकाश आहे,’ असं ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. हे वाक्य तिला अजून विसरता आलेलं नाही, आणि विसरावं असं तिला वाटतही नाही.

पुढच्या बैठकीत तिने स्वतःच विषय काढला. प्रतीक्षालयातल्या संगणकावर मुदत होती तेवढीच राहील; शेजारणी अजून आहेत. पण घरून येणाऱ्या माणसाचं बोट जोवर कळफलकावर पडतंय तोवर त्याचं पान गुपचूप सर्व्हरला ‘मी आहे’ असं कळवत राहील. लिहिलेला मजकूर वेगळ्या जागी साठेल, म्हणजे बिल्ला रद्द झाला तरी शब्द जाणार नाहीत. आणि कप्पा झाडायच्या आधी विचारायचं. विभागप्रमुखांनी दबकत ‘शेजारीण’ म्हणून पाहिलं. तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. मदतकक्षातल्या गृहस्थांची तिने बैठकीतच माफी मागितली. ते इतके गांगरले की त्यांनी उलट तिचीच माफी मागितली.

विचारायचं म्हणजे काय लिहून विचारायचं, हे तिने सासऱ्यांवर सोपवलं. त्यांनी दोन दिवस घेतले. तिने घाई केली नाही, जरी तिला फार त्रास झाला. शेवटी त्यांनी दोनच शब्द दिले: ‘आहात ना?’ खाली एकच बटण, ‘आहे’. पाटीवर जितकं कमी तितकं लांबून वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं.

घरी आता कप त्यांच्या उजवीकडे ठेवला जातो. परवा घोटभर घेऊन ते खिडकीबाहेर बघत बसले. चहावर साय धरली. ती स्वयंपाकघरातून आली, पायावर अजून पट्टी होती, आणि सवयीने तिचा हात कपाकडे गेला. तिने तो मागे घेतला, वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

“बाबा, आहात ना?”

“आहे,” ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.